वैद्यकीय समस्थानिकांसाठी आटोपशीर कणवेगवर्धक : रचनेची काही तत्त्वे

१. प्रश्नाचे स्वरूप

औषधाच्या दुकानातील बहुतेक औषधे योग्य रीतीने ठेवली असता महिनोन् महिने टिकतात. अणुवैद्यकात वापरावयाच्या किरणोत्सर्गी द्रव्यांची गोष्ट वेगळी आहे. ती तयार झाल्या क्षणापासून क्षय पावू लागतात. हा क्षय थंडीने मंदावत नाही की कोणत्याही रासायनिक उपायाने थांबत नाही. फ्लुओरिन-१८ या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे आहे. कार्बन-११ चे २० मिनिटे, नायट्रोजन-१३ चे १० मिनिटे, तर ऑक्सिजन-१५ चे अवघे २ मिनिटे. शरीरातील रक्तप्रवाह, साखरेचा उपयोग, हृदयाच्या स्नायूंची अवस्था यांचे चित्रण करण्यास हीच समस्थानिके विशेष सोयीची आहेत. कारण कार्बन, नायट्रोजन व ऑक्सिजन ही तर सजीव देहाची घटकद्रव्येच होत, आणि फ्लुओरिन हे अनेक सेंद्रिय रेणूंत हायड्रोजनाच्या किंवा हायड्रॉक्सिल गटाच्या जागी बसविता येते.

ऑगस्ट १९७६ मध्ये फ्लुओरिन-१८ जोडलेली शर्करा मनुष्याच्या शरीरात प्रथम टोचण्यात आली. ती तयार झाली न्यूयॉर्कनजीकच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत आणि वापरली गेली फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. मधले अंतर विमानाने तोडावे लागले. प्रयोग म्हणून हे ठीक होते. पण रोजच्या रुग्णसेवेचा पाया विमानाच्या वेळापत्रकावर घालता येत नाही. या प्रश्नाचे गणित अगदी सरळ आहे. मुंबईहून निघालेली फ्लुओरिन-१८ ची मात्रा चार तासांनी इष्ट स्थळी पोचली, तर मूळच्या सुमारे २२ टक्के उरते; बारा तास लागले तर जेमतेम १ टक्का. नायट्रोजन-१३ च्या बाबतीत चाळीस मिनिटांतच सोळावा हिस्सा उरतो. म्हणजे रुग्णाला एखादी तपासणी मिळणार की नाही, हे त्याच्या आजाराइतकेच त्याच्या आणि यंत्राच्या मधील अंतरावर अवलंबून राहते.

यास्तव समस्थानिक रुग्णापर्यंत नेण्याऐवजी समस्थानिक घडविणारे यंत्रच रुग्णालयापाशी नेता येईल काय, हा विचार पुढे आला. असे यंत्र ‘आटोपशीर’ असले पाहिजे. मराठीतील हा शब्द येथे नेमका आहे. जे केवळ आकाराने लहान ते आटोपशीर नव्हे. जे हाताशी असलेल्या माणसांना आणि साधनांना आटोपता येते, ते आटोपशीर. कणवेगवर्धकाच्या रचनेत या दोन अर्थांमधील भेद किती महत्त्वाचा ठरतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. अणुभट्टी आणि कणवेगवर्धक

एकाच मूलद्रव्याच्या, परंतु भिन्न वस्तुमानाच्या अणूंना समस्थानिके म्हणतात. मूलद्रव्यांच्या कोष्टकात ती एकाच स्थानी येतात. अणुगर्भातील प्रोटॉनांची संख्या तीच असते, न्यूट्रॉनांची निराळी. किरणोत्सर्गी समस्थानिक कृत्रिम रीतीने घडविण्याचे मुख्य मार्ग दोन. अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा वर्षाव करावयाचा, हा एक. कणवेगवर्धकातून वेगवान प्रोटॉन अथवा तत्सम भारित कण लक्ष्यावर आदळवावयाचे, हा दुसरा.

या दोन मार्गांतील फरक केवळ साधनांचा नाही. अणुगर्भाने न्यूट्रॉन गिळला तर मूलद्रव्य तेच राहते. परिणामी नवे किरणोत्सर्गी अणू आणि लक्ष्यातील मूळचे स्थिर अणू रसायनशास्त्राच्या साहाय्याने वेगळे करता येत नाहीत. याउलट प्रोटॉन आत शिरून न्यूट्रॉन बाहेर पडला, तर अणुक्रमांक एकाने वाढतो व मूलद्रव्यच बदलते. ऑक्सिजन-१८ पासून फ्लुओरिन-१८ होते ते असे. फ्लुओरिन व ऑक्सिजन यांचे रासायनिक गुणधर्म भिन्न असल्यामुळे त्यांची फारकत सहज होते आणि जवळजवळ निर्भेळ किरणोत्सर्गी द्रव्य हाती येते. शिवाय असे अणू प्रोटॉनांच्या बाजूने झुकलेले असल्याने त्यांपैकी पुष्कळ पॉझिट्रॉन उत्सर्जित करतात. हा पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनाशी भेटून नाहीसा होतो, तेव्हा परस्परविरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात आणि त्यांच्या आधारे शरीरातील उगमस्थान निश्चित करता येते. पॉझिट्रॉन-चित्रणाचे तत्त्व ते हेच.

लागणाऱ्या द्रव्याचे परिमाण मात्र आश्चर्य वाटावे इतके अल्प आहे. एका रुग्णास ३७० मेगाबेक्वेरेल फ्लुओरिन-१८ द्यावयाचे म्हटले, तर त्यात सुमारे साडेतीन लाख कोटी अणू असतात. त्यांचे वजन ग्रॅमच्या दहा अब्जांश भागाएवढे. एवढ्याशा द्रव्यासाठी टनांनी वजन भरणारा चुंबक का लागतो, याचे उत्तर अणुगर्भाच्या विद्युत भारात आहे. प्रोटॉन आणि अणुगर्भ दोघेही धनभारित असल्यामुळे एकमेकांना दूर लोटतात; ही तटबंदी ओलांडण्यास प्रोटॉनाला पुरेशी ऊर्जा द्यावी लागते. ऑक्सिजन-१८ पासून फ्लुओरिन-१८ घडविण्यास किमान सुमारे २·६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा हवी (हे एकक पुढे ‘एमईव्ही’ असे लिहिले आहे). व्यवहारात पुरेसे उत्पादन हवे असल्यास १० ते १८ एमईव्ही ऊर्जेचे यंत्र योजतात.

३. वर्तुळाकार मार्गाची युक्ती

एवढे विद्युत दाब एका टप्प्यात निर्माण करणे अवघड आहे. नॉर्वेजियन अभियंता रोल्फ विडरो याने १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात माफक दाब पुनःपुन्हा वापरून कणाची ऊर्जा वाढविण्याची रीत दाखविली होती. अर्नेस्ट लॉरेन्स याच्या पाहण्यात हा निबंध १९२९ मध्ये बर्कली येथे आला. जर्मन भाषा त्यास नीटशी येत नव्हती. आकृत्या व सूत्रे पाहून त्याने आशय जाणला. विडरोच्या यंत्रातील कण सरळ रेषेत धावत असत. लॉरेन्सने तो मार्ग चुंबकीय क्षेत्राच्या योगाने वळवून घेतला व तीच फट कणाला वारंवार ओलांडावयास लावली. त्याचा सहकारी स्टॅन्ली लिव्हिंग्स्टन याने जानेवारी १९३१ मध्ये सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाच्या यंत्रातून हायड्रोजनाच्या आयनांना ८०,००० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळवून दिली. त्यासाठी प्रत्यक्ष वापरलेला दाब २,००० व्होल्टांहूनही कमी होता. म्हणजे पहिला सायक्लोट्रॉन तळहातावर मावणारा होता. पुढे यंत्रे अवाढव्य झाली, आणि आता वैद्यकाच्या गरजेपोटी ती पुन्हा लहान होऊ पाहत आहेत.

सायक्लोट्रॉनमध्ये चुंबकाच्या दोन ध्रुवांमधील निर्वात पेटीत पोकळ विद्युत-अग्रे बसविलेली असतात. आरंभीच्या यंत्रांतील अग्रे रोमन लिपीतील ‘डी’ या अक्षराच्या आकाराची होती. त्यावरून त्यांना ‘डी’ हेच नाव पडले आणि आकार बदलल्यावरही ते टिकून राहिले. अग्रांवरील विद्युत दाब ठराविक कालाने उलटसुलट होतो. कण फटीतून जाताना दर वेळी त्याला एक धक्का मिळतो, वेग वाढतो आणि वर्तुळ मोठे होते. वेग वाढला तरी वर्तुळही त्याच प्रमाणात वाढत असल्याने एका फेरीस लागणारा वेळ तोच राहतो. सारी यंत्रणा या सुदैवी योगायोगावर उभी आहे.

रचनाकाराच्या दृष्टीने येथे एक सूत्र निर्णायक ठरते. प्रोटॉनाची ऊर्जा एमईव्हीमध्ये, क्षेत्र टेस्लामध्ये व त्रिज्या मीटरमध्ये मोजल्यास

ऊर्जा = ४८ × (क्षेत्र × त्रिज्या)²

असा संबंध मिळतो. सरासरी १·५ टेस्ला क्षेत्रात ११ एमईव्ही ऊर्जेसाठी सुमारे ३२ सेंटिमीटर त्रिज्या लागते. १६ एमईव्हीसाठी ३८ ते ३९ सेंटिमीटर. क्षेत्र तिप्पट, म्हणजे ४·५ टेस्ला केल्यास १२ एमईव्हीचे वर्तुळ अवघ्या ११ सेंटिमीटर त्रिज्येत बसते. चुंबकाचे आकारमान तिन्ही दिशांनी घटत असल्याने लोखंडाच्या वजनातील बचत त्रिज्येतील बचतीहून कितीतरी अधिक असते. ‘क्षेत्र वाढवा, यंत्र लहान करा’ हा मोह येथूनच उत्पन्न होतो. त्याची किंमत कोठे कोठे द्यावी लागते, ते आता पाहावयाचे आहे.

४. दोन परस्परविरोधी मागण्या

फेरीचा काळ स्थिर राहतो हे विधान स्थूलमानाने खरे आहे. सापेक्षतासिद्धांतानुसार वेगाबरोबर कणाचे जडत्व वाढते. प्रोटॉनाची स्थिरावस्थेतील ऊर्जा ९३८ एमईव्ही आहे. ११ एमईव्ही गतिज ऊर्जा मिळाल्यावर त्याचे जडत्व सुमारे १·२ टक्क्यांनी वाढलेले असते. ही वाढ क्षुल्लक वाटेल. पण एका फेरीत चार धक्के, प्रत्येक ३५,००० व्होल्टांचा, असे धरल्यास ११ एमईव्हीपर्यंत जाण्यास जवळजवळ ऐंशी फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीत सरासरी अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक मागे पडणारा प्रोटॉन अखेरीस सुमारे अर्धी फेरी मागे पडेल. मग जो दाब त्याला पुढे ढकलणार, तोच त्यास मागे खेचू लागेल.

यावर उपाय म्हणजे बाहेरच्या बाजूस चुंबकीय क्षेत्र थोडे थोडे वाढवीत नेणे. परंतु येथेच दुसरी मागणी आडवी येते. कणांची शलाका मध्यप्रतलात राहावी, वरखाली भरकटू नये, यासाठी क्षेत्र बाहेरच्या बाजूस घटत गेले पाहिजे. तसे झाले तरच वरखाली गेलेल्या कणांना मध्याकडे परतविणारे बल मिळते. काळाची मागणी क्षेत्र वाढविण्याची, केंद्रीकरणाची मागणी ते घटविण्याची. बेथे आणि रोझ यांनी १९३७ मध्ये याच कारणास्तव सायक्लोट्रॉनच्या ऊर्जेस मर्यादा असल्याचे दाखवून दिले.

पुढच्याच वर्षी ल्यूएलिन थॉमस याने या कोंडीतून वाट काढली. ध्रुवाचा पृष्ठभाग सपाट न ठेवता त्यावर आळीपाळीने उंचवटे व खळगे ठेवावेत, असे त्याने सुचविले. उंचवट्याखाली क्षेत्र प्रबळ, खळग्याखाली दुर्बळ. कणाचा मार्ग मग शुद्ध वर्तुळ न राहता किंचित कोनाकृती होतो आणि प्रत्येक सीमा ओलांडताना त्यास मध्यप्रतलाकडे ढकलणारे बल मिळते. अशा रीतीने केंद्रीकरणाची सोय सीमांवर झाली, की सरासरी क्षेत्र बाहेरच्या बाजूस वाढविण्यास हरकत राहत नाही. थॉमसची कल्पना व्यवहारात उतरण्यास जवळजवळ दोन दशके लागली. आज रुग्णालयांत काम करणारे बहुसंख्य सायक्लोट्रॉन या तत्त्वावरच आधारलेले आहेत. खळगे पुरेसे खोल ठेवल्यास डी-अग्रे त्यांतच बसविता येतात, त्यामुळे ध्रुवांमधील अंतर कमी होते व वीजही कमी लागते. एका अडचणीवरील उपायाने दुसऱ्या दोन सोयी करून दिल्या, याचे हे बोलके उदाहरण होय.

५. शलाका बाहेर काढणे

फिरत्या प्रोटॉनांना यंत्राबाहेर काढणे हे त्यांना वेग देण्याइतकेच कठीण आहे. जुन्या यंत्रांत अखेरच्या फेरीजवळ एक पातळ पडदा व उच्च दाबाचे विचलक अग्र बसवीत. काही कण अपरिहार्यपणे पडद्यावर आदळत. तो तापे, शिवाय स्वतः किरणोत्सर्गी बने. दुरुस्तीसाठी यंत्र उघडणाऱ्या माणसाला त्या किरणोत्सर्गाची झळ लागे. संशोधनसंस्थेत हे चालवून घेता येते. जेथे यंत्र रोज पहाटे चालू व्हावयाचे आणि मोजक्या माणसांनी सांभाळावयाचे, तेथे नाही.

यावरील उपाय कल्पक आहे. प्रोटॉनाऐवजी हायड्रोजनाच्या ऋण आयनास वेग द्यावयाचा. या आयनात एका प्रोटॉनाभोवती दोन इलेक्ट्रॉन असतात. अखेरच्या वर्तुळावर कार्बनाचा अतिशय पातळ पापुद्रा ठेवला, की त्यातून जाताना दोन्ही इलेक्ट्रॉन गळून पडतात. ऋणभारित कण क्षणार्धात धनभारित होतो. त्याच चुंबकीय क्षेत्रात तो आता उलट दिशेस वळतो आणि आपोआप यंत्राबाहेर जातो. कण वाया जाण्याचे प्रमाण अत्यल्प राहते. पापुद्रा पुढेमागे सरकवून ऊर्जा बदलता येते. दोन बाजूंस दोन पापुद्रे ठेवून दोन लक्ष्यांवर एकाच वेळी मारा करता येतो. बेल्जममधील लूव्हँ-ला-नव्ह येथे १९८६ च्या सुमारास इव्ह जॉंगेन याने रचिलेला ३० एमईव्हीचा सायक्लोट्रॉन याच तत्त्वावरील होय.

तथापि ऋण आयन हा नाजूक प्राणी आहे. त्याचा दुसरा इलेक्ट्रॉन अवघ्या ०·७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने बांधलेला असतो. पेटीत उरलेल्या हवेच्या रेणूशी टक्कर झाली तरी तो निसटतो. म्हणून निर्वात अधिक उच्च प्रतीचा लागतो. वेगवान आयन प्रबळ चुंबकीय क्षेत्रातून जाताना त्यास जे विद्युत क्षेत्र जाणवते, तेही इलेक्ट्रॉन तोडू शकते. व्हँकूवर येथील ट्रायम्फ या संस्थेचा ५०० एमईव्हीचा ऋण-आयन सायक्लोट्रॉन जगातील अतिविशाल यंत्रांपैकी एक झाला तो याच कारणाने. क्षेत्र मुद्दाम दुर्बळ ठेवावे लागले, आणि त्रिज्या वाढली. म्हणजे शलाका सहज बाहेर काढावी, तर क्षेत्र मनमानी वाढविता येत नाही.

६. लक्ष्य : दोन मिलिलिटर पाणी

यंत्राच्या भव्यतेपुढे लक्ष्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. वस्तुतः रोजच्या उत्पादनाचे यश तेथेच ठरते. फ्लुओरिन-१८ साठी ऑक्सिजन-१८ ने समृद्ध केलेले दोन-तीन मिलिलिटर पाणी एका लहानशा धातूच्या कोठीत भरतात. निसर्गातील ऑक्सिजनात हे समस्थानिक अवघे ०·२ टक्के असल्याने असे पाणी फार महाग पडते. कोठीचे तोंड धातूच्या पातळ पत्र्याने बंद केलेले असते. त्यातून प्रोटॉन आत जातात, पण पाणी बाहेर येत नाही.

११ एमईव्हीची ५० मायक्रोॲम्पिअर शलाका घेतली, तर लक्ष्यात ५५० वॉट उष्णता ओतली जाते. शीतनाची व्यवस्था नसेल, तर एवढ्या उष्णतेने दोन मिलिलिटर पाणी एका सेकंदाच्या आसपास उकळू लागेल. म्हणून कोठीमागून थंड पाणी व पत्र्यांमधून हेलियम वायू खेळविला जातो. आतला दाब वाढू देऊन उत्कलनबिंदू वर नेला जातो. पत्रा फाटला तर महागडे पाणी, त्या दिवसाचे उत्पादन आणि बाहेर ताटकळणाऱ्या रुग्णांची तपासणी ही तिन्ही जातात.

या सर्व ऊर्जेचा फार थोडा भाग कामी येतो. बहुतेक प्रोटॉन वाटेतील इलेक्ट्रॉनांशी झगडून थांबतात. हजारात एखाद-दुसराच अणुगर्भात प्रवेश करून इष्ट परिवर्तन घडवितो. शिवाय मारा चालू असतानाच तयार झालेले अणू क्षय पावत असतात. एक अर्धायुष्यभर मारा केल्यास कमाल शक्य उत्पादनाच्या ५० टक्के, दोन अर्धायुष्यांत ७५ टक्के, तिसऱ्यात ८७·५ टक्के हाती लागतात. यापुढे यंत्र चालविणे म्हणजे गळक्या हौदात पाणी ओतीत राहणे होय.

७. न्यूट्रॉन आणि भिंती

आता या विषयाच्या मर्मस्थानाकडे यावयाचे. ऑक्सिजन-१८ मध्ये एक प्रोटॉन शिरून फ्लुओरिन-१८ चा एक अणू होतो, तेव्हा एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. म्हणजे जितके उपयुक्त अणू, निदान तितके न्यूट्रॉन. या हिशेबातून सुटका नाही. चुंबक कितीही लहान केला, तरी उत्पादन तेच ठेवल्यास न्यूट्रॉन तेवढेच निघणार आणि त्यांना अडविणाऱ्या काँक्रीटच्या भिंती तेवढ्याच जाड लागणार. सुमारे १६ ते १८ एमईव्हीच्या यंत्रासाठी बांधलेल्या दालनाच्या भिंती दोन मीटरच्या आसपास जाड असतात. अशा दालनात चुंबकाचा व्यास निम्मा झाला, तरी इमारतीच्या खर्चात फारसा फरक पडत नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, कवच यंत्रालाच लगटून बसविल्यास त्याचे एकूण आकारमान घटते. कवच आतून जितके लहान, तितके त्याच जाडीस द्रव्य कमी लागते. येथे लहान चुंबकाचा खरा लाभ मिळतो. ११ एमईव्हीची स्वयंकवची यंत्रे या विचारातूनच निघाली. दुसरा निष्कर्ष अधिक मूलगामी आहे. सबंध शहराला पुरेल एवढे उत्पादन न करता एका वेळी एका रुग्णापुरतीच मात्रा करावयाची ठरविल्यास न्यूट्रॉन, उष्णता, कवच आणि रासायनिक यंत्रणा ही सारीच त्या प्रमाणात लहान होतात. यंत्र लहान करावयाचे तर प्रथम अपेक्षा लहान केली पाहिजे.

नायट्रोजन-१३ चे उदाहरण येथे उद्बोधक आहे. साध्या पाण्यातील ऑक्सिजन-१६ वर प्रोटॉन आदळला असता नायट्रोजन-१३ व अल्फा कण निर्माण होतात. या मूळ प्रक्रियेत न्यूट्रॉन निघतच नाही. लक्ष्यास महाग समृद्ध पाणी लागत नाही. १० मिनिटांच्या अर्धायुष्यामुळे हे द्रव्य दूर नेणे अशक्यप्राय असते. तेव्हा हृदयाच्या स्नायूंतील रक्तप्रवाह अमोनियाच्या रूपाने तपासावयाचा, तर यंत्र चित्रणकक्षाशेजारीच हवे. ४·५ टेस्ला क्षेत्राचे १२·५ एमईव्ही ऊर्जेचे अतिसंवाहक सायक्लोट्रॉन अमेरिकेत या एकाच कामासाठी तयार करण्यात आले. त्यांत शलाका बाहेर काढण्याची खटपटच नाही. लक्ष्य पेटीच्या आतच असते. म्हणजे प्रबळ क्षेत्रामुळे उत्पन्न होणारी ऋण आयनांची अडचण सोडविलेली नाही, टाळलेली आहे. स्पेनमधील सिएमात या संस्थेने सर्नच्या सहकार्याने हाती घेतलेली ४ टेस्ला व ८·५ एमईव्हीची रचना कार्बन-११ आणि फ्लुओरिन-१८ यांच्या एकेका मात्रेसाठी आहे. वरील सूत्राने तिची त्रिज्या साडेदहा सेंटिमीटर येते. १९३१ च्या यंत्राची ती जणू भावंडच म्हणावी. ऊर्जा मात्र शंभरपटीहून अधिक.

८. टेक्नेटियमचा धडा

अणुवैद्यकात सर्वाधिक वापरले जाणारे समस्थानिक म्हणजे टेक्नेटियम-९९ एम. टेक्नेटियम हे नावच ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. पेरिए आणि सेग्रे यांनी १९३७ मध्ये पालेर्मो येथे ते शोधले, ते बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून काढलेल्या मॉलिब्डेनमच्या एका झिजलेल्या पट्टीत. म्हणजे या मूलद्रव्याचे जन्मस्थान सायक्लोट्रॉनच होय. पुढे मात्र त्याचे उत्पादन अणुभट्टीकडे गेले. युरेनियमच्या भंजनातून मॉलिब्डेनम-९९ मिळते. त्याचे अर्धायुष्य ६६ तास. त्याच्या क्षयातून टेक्नेटियम-९९ एम सतत निर्माण होत असते; त्याचे अर्धायुष्य ६ तास. मॉलिब्डेनम भरलेली कुपी रुग्णालयात पाठवावयाची आणि तिच्यातून रोज टेक्नेटियम धुऊन घ्यावयाचे, ही पद्धत ब्रुकहेवन येथे १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाली. प्रयोगशाळेच्या बोलीत या कुपीला ‘गाय’ म्हणतात, आणि टेक्नेटियम काढणे म्हणजे ‘धार काढणे’. इतके सोयीचे रूपक शास्त्रीय परिभाषेत क्वचितच सापडते.

सोयीबरोबर परावलंबनही आले. कॅनडातील चॉक रिव्हर येथील जुनी अणुभट्टी मे २००९ मध्ये जड पाण्याच्या गळतीमुळे बंद पडली, ती ऑगस्ट २०१० मध्ये पुन्हा सुरू झाली. याच काळात, २०१० च्या फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत, नेदरलँड्समधील पेटेन येथील अणुभट्टीही दुरुस्तीसाठी बंद होती. जगाच्या पुरवठ्याचा निम्म्याहून अधिक भार एरवी या दोन भट्ट्यांवर असे. अनेक देशांत तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या, कोणत्या रुग्णास आधी घ्यावयाचे हे ठरवावे लागले. हृदयाच्या तपासणीसाठी काही ठिकाणी थॅलियम-२०१ चा आश्रय घेण्यात आला. आणि थॅलियम-२०१ हे सायक्लोट्रॉनमध्येच तयार होते.

त्यानंतर मॉलिब्डेनम-१०० वर प्रोटॉनांचा मारा करून टेक्नेटियम-९९ एम थेट घडविण्याच्या जुन्या कल्पनेस कॅनडात नवे बळ मिळाले. हा मार्ग १९७१ मध्येच सुचविला गेला होता. रुग्णालयांतील १६ ते २४ एमईव्हीची यंत्रे या कामी उपयोगी पडतात. परंतु ऊर्जा वाढली की उत्पादनाबरोबर टेक्नेटियमची नको असलेली समस्थानिकेही वाढतात. ती रसायनाने वेगळी होत नाहीत आणि रुग्णास निष्कारण किरणोत्सर्ग सोसावा लागतो. ऊर्जेची निवड ही येथे गाळणीचे काम करते. शिवाय ‘गाय’ आठवडाभर दूध देते, तर सायक्लोट्रॉनमधील टेक्नेटियम त्याच दिवशी वापरावे लागते. अणुभट्टीची जागा एका यंत्राने नव्हे, तर प्रदेशोप्रदेशी विखुरलेल्या अनेक यंत्रांनीच घेता येईल.

९. भारतातील स्थिती आणि इतर मार्ग

भारतात सायक्लोट्रॉनची परंपरा मेघनाद साहा यांच्या पुढाकाराने कलकत्त्यास सुरू झाली. वैद्यकीय समस्थानिकांचा पुरवठा मात्र प्रामुख्याने तुर्भे येथील अणुभट्ट्यांतून होत आला. परळ येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन, १६·५ एमईव्ही ऊर्जेचा, बसविण्यात आला. कोलकाता येथे ३० एमईव्हीचे यंत्र २०१८ मध्ये कार्यान्वित झाले. पहिल्या प्रकारचे यंत्र अल्पायुषी पॉझिट्रॉन-उत्सर्जकांसाठी पुरेसे आहे. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात गॅलियम-६७ व थॅलियम-२०१ यांसारखी, तीन दिवसांच्या आसपास अर्धायुष्य असलेली आणि म्हणून दूर पाठविता येणारी समस्थानिके घडविता येतात. मोठे यंत्र व लहान यंत्र हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नसून त्यांची कार्यक्षेत्रे अर्धायुष्याने आखून दिलेली आहेत.

सायक्लोट्रॉन हा एकमेव मार्ग नव्हे. सरळ मार्गाच्या वेगवर्धकात बाह्य चुंबक लागत नाही व शलाका सहज बाहेर येते. सर्न येथे रचिलेल्या एका यंत्रात दोन मीटर लांबीत प्रोटॉनांना ५ एमईव्ही ऊर्जा मिळते. इलेक्ट्रॉनांच्या सरळ वेगवर्धकातून निघालेल्या प्रखर क्ष-किरणांनी मॉलिब्डेनम-१०० मधून एक न्यूट्रॉन काढून मॉलिब्डेनम-९९ करता येते. अशाने ‘गाय’ टिकते आणि युरेनियम टळते. परंतु मूलद्रव्य न बदलल्यामुळे, दुसऱ्या परिच्छेदात सांगितलेली फारकतीची अडचण पुन्हा उभी राहते व धार काढण्याची रीत बदलावी लागते.

१०. समारोप

वरील विवेचनावरून रचनेचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम रुग्णाची गरज, तीवरून समस्थानिक, त्यावरून प्रक्रिया, प्रक्रियेवरून ऊर्जा, आणि ऊर्जेवरून चुंबक. चुंबकापासून आरंभ करणारा रचनाकार सुबक यंत्र उभारील, पण त्याभोवतीच्या भिंती, लक्ष्यातील उष्णता आणि सांभाळणारी माणसे यांचा हिशेब चुकेल. प्रबळ क्षेत्राने लोखंड वाचते, परंतु ऋण आयन तुटतात. शिवाय लोखंड २ टेस्लाच्या आसपास संपृक्त होत असल्याने उंचवटे व खळगे यांतील भेद त्या प्रबळ क्षेत्राच्या मानाने फिका पडतो आणि थॉमसच्या युक्तीचा प्रभाव ओसरतो. कमी ऊर्जेने कवच आटोपते, परंतु उत्पादन घटते. एकमेव उत्कृष्ट रचना अशी नाहीच. ठराविक गरजेस अनुरूप अशी रचना आहे.

ज्या गावाला फ्लुओरिन-१८ दोन तासांत पोचते, तेथे नव्या यंत्राची निकड नाही. चांगला रस्ता आणि वक्तशीर गाडी पुरेशी आहे. ज्या गावाला ते पोचत नाही, किंवा जेथे दहा मिनिटांच्या नायट्रोजनाचीच गरज आहे, तेथील रुग्णासाठी एका मात्रेचे यंत्र हा तपासणी होणे व न होणे यांमधील फरक ठरू शकतो. असे यंत्र तेथील तंत्रज्ञाला रोज पहाटे निर्धोकपणे चालविता येईल, बिघडल्यास लवकर दुरुस्त करता येईल आणि त्याच्या विजेचा व देखभालीचा खर्च रुग्णालयाला झेपेल, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने आटोपशीर झाले असे म्हणता येईल.